मान देतात, आदर वाटतो

आमच्या देवळाच्या जत्रेची निमंत्रणपत्रिका छापायला जाण्याआधी प्रूफ माझ्याकडे येतं. फोंडा तालुक्यातलं छोटं देवस्थान, पत्रिका एका पानाची, आणि मजकूर दरवर्षी जागेपेक्षा जास्त. गेल्या खेपेला समितीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा ते घेऊन घरी आला. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "काका, हे बघा. 'माननीय महाजन व आदरणीय भाविक यांना सादर निमंत्रण.' माननीय आणि आदरणीय एकच ना? एक काढूया, ओळ वाचेल."

मी म्हटलं, दोन्ही राहू दे. तो "बरं" म्हणून निघून गेला. पण त्याचा प्रश्न खरा होता, आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं होतं. ते इथे लिहितो.

शब्दकोशात पाहिलं तर 'मान' म्हणजे आदर आणि 'आदर' म्हणजे मान असं फिरून फिरून तेच येतं. त्यामुळे अर्थ विचारत बसण्यापेक्षा हे शब्द वाक्यात कुणाबरोबर बसतात ते पाहावं. 'मला बाईंबद्दल आदर वाटतो' हे वाक्य सरळ आहे. 'मला बाईंबद्दल मान वाटतो' म्हणून पाहा, जीभ अडखळते. उलट 'पालखीचा पहिला मान त्या घराण्याचा' हे गावात कुणालाही कळतं, पण 'पालखीचा पहिला आदर' असं कुणी म्हणणार नाही. मानाला पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर लागतात. पुण्यात मानाचे गणपती पाच आहेत, त्यांचा क्रम ठरलेला आहे. आदर मोजता येत नाही. तो फार असतो, नितांत असतो, कधी नसतोच, पण पहिला-दुसरा नसतो.

आणखी एक खूण आहे आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपण म्हणतो, 'त्यांना गावात मान आहे.' आणि म्हणतो, 'त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे.' मान गावात असतो, आदर मनात असतो. मानाला चार लोक लागतात, जागा लागते, वेळ लागते. आदराला एक माणूस पुरतो, आणि ज्याच्याविषयी तो वाटतो त्याला कळलं नाही तरी चालतं. म्हणूनच मान देतात, घेतात, राखतात, मागतात, त्याच्यासाठी भांडतात, आणि तो चुकला की रुसतात. आदर वाटतो. वाटणं कुणाच्या हातात नसतं.

जत्रेच्या रात्रीचं एक चित्र सांगतो, म्हणजे हे नुसतं व्याकरण राहणार नाही. पालखी प्रदक्षिणा करून येते, सभामंडपात टेकते, आणि नारळ-विडे वाटायला सुरुवात होते. आमच्याकडे पहिला नारळ एका ठरावीक घराण्याला जातो. त्या घरातले थोरले दोन वर्षांपूर्वी वारले. आता मानकरी म्हणून उभा राहतो त्यांचा नातू. एकोणीस वर्षांचा, पुण्यात शिकणारा, त्या दिवशी सकाळच्या बसने आलेला. सोवळं त्याच्या कमरेला नीट बसलेलंही नव्हतं, एका काकांनी मागून गाठ घट्ट करून दिली. पुजाऱ्यांनी नारळ त्याच्या ओंजळीत ठेवला तेव्हा तो इतका गोंधळला होता की विडा घ्यायचं विसरला. मागून कुणीतरी कोकणीत म्हणालं, "विडो घे रे, मान चुकूंक फावना." (मान चुकता कामा नये.) त्याने विडा घेतला, आणि मग पुढचं नाव पुकारलं गेलं.

याच मंडपात मागच्या खांबाला टेकून आमच्या प्राथमिक शाळेच्या बाई बसल्या होत्या. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. त्या आत आल्या तेव्हा त्या बाजूचे दहा-बारा जण उठून उभे राहिले. त्यांत ट्रकवाला होता, बँकेतला अधिकारी होता, नगरपालिकेत काम करणारी एक बाई होती. कुणी कुणाला उठायला सांगितलं नव्हतं. बाई गावच्या महाजन, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासद, नाहीत. त्यांचं नाव कुठल्याही यादीत नाही, त्यांना नारळ मिळत नाही, आणि मिळावा असं त्यांनी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्या मुलाला मिळाला तो मान. बाईंसाठी लोक उठले तो आदर.

यात एक मोह होतो, आणि तो टाळायला हवा. मोह असा की आदर खरा आणि मान खोटा, आदर आतला आणि मान नुसता देखावा. मला हे पटत नाही. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाबद्दल मंडपात कुणालाही विशेष आदर वाटत असण्याचं कारण नव्हतं, त्याला ओळखत होते तेच थोडे. तरी नारळ त्याच्याच हातात गेला. कारण तो त्याचा नव्हता, त्याच्या आजोबांचा, पणजोबांचा, ज्यांनी कधीतरी हे देऊळ उभं करायला हात लावला त्यांचा होता. ज्यांचे चेहरे आज कुणालाही आठवत नाहीत अशा माणसांची आठवण ठेवण्याची गावाकडे हीच एक रीत आहे. आदर ओळखीच्या माणसाबद्दल वाटतो, किंवा ज्याची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली आहे त्याच्याबद्दल. ओळख पुसली गेली की आदर आटतो. मान तेव्हाही चालू राहतो.

गोव्यात तर मानाची व्यवस्था फार जुनी आणि फार बारकाईने बांधलेली आहे. इथली गावं गावकारीच्या पद्धतीवर चालत. गावाची जमीन सामाईक, आणि गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांचे वांगड, म्हणजे कुळांचे गट. कुठल्या वांगडाचा क्रम कितवा हे ठरलेलं असे. 1526 मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने या गावकारीच्या चालीरीती लेखी नोंदवल्या. तो दस्तऐवज 'फोराल' म्हणून ओळखला जातो. त्यात शेतसाऱ्याच्या आणि वारसाच्या नियमांबरोबर मुख्य गावकाराला विडा आधी मिळावा अशा मानाच्या गोष्टीही आहेत. परक्या राज्यकर्त्याला महसूल गोळा करायचा होता, आणि त्यासाठीसुद्धा विडा आधी कुणाला हे त्याला लिहून घ्यावं लागलं. गावात मानाचं वजन किती होतं ते यावरून कळतं.

दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीचा छत्रोत्सव ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे डोळ्यांनी दिसलेलं आहे. सोळाव्या शतकात कुंकळ्ळीची देवी फातर्प्याला हलवली गेली. शिमग्याच्या दिवसांत ती मिरवणुकीने कुंकळ्ळीला येते, आणि तिच्याबरोबर बारा रंगीत छत्र्या नाचत येतात. बारा वांगडांच्या बारा छत्र्या. यातल्या काही घराण्यांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण त्यांचा मान गेला नाही. धर्म बदलला, आडनावं बदलली, मान तसाच राहिला. गुलालात माखलेल्या त्या गर्दीत छत्रीच्या दांड्याला हात लावायला धडपडणारी माणसं पाहिली की 'मान' हा शब्द कोशापेक्षा तिथे जास्त कळतो.

मान असा ठोस असतो म्हणूनच तो कागदावर येतो आणि कोर्टातही जातो. गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार आजही पोर्तुगीज काळातल्या 1933 च्या कायद्याने चालतो. महाजनांची यादी असते, मामलेदार प्रशासक असतो, निवडणुका होतात. पालखी कुणी उचलायची, गाभाऱ्यात कुणी जायचं, कौल आधी कुणी लावायचा यावरून वाद होतात. आदरावरून कुणी दावा लावल्याचं ऐकलंय का? लावताच येणार नाही. न्यायाधीश फार तर नारळ कुणाला द्यायचा ते सांगू शकतो.

आणि मानाची दुखरी बाजूही इथेच आहे. तो जन्माने येतो, म्हणून जन्माने अडतोही. जे पिढ्यान् पिढ्या ढोल-ताशे वाजवत आले, दिवट्या धरत आले, देवळाचं अंगण सारवत आले, त्यांच्यातल्या अनेकांना यादीत जागा नव्हती आणि पायरीच्या वर पाऊलही नव्हतं. त्यांच्या हाताशिवाय जत्रा झाली नसती हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या कलेबद्दल आदर वाटत असणारेही होते. पण नुसत्या वाटण्याने नारळ हातात येत नाही. ज्याला मान नाकारला गेला आहे त्याला 'आमच्या मनात तुमच्याबद्दल फार आदर आहे' असं सांगणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावून आतून बोलणं आहे. या एका कारणासाठी तरी दोन शब्दांतला फरक आपल्याला स्पष्ट ठाऊक असायला हवा. कुणी मान मागत असेल तर त्याला आदर देऊन भागत नाही.

आता शब्दांच्या मुळाकडे येतो.

'मान' हा संस्कृत 'मन्' धातूपासून आला. मन् म्हणजे विचार करणं, समजणं. म्हणजे मुळात हाच शब्द मनातला. आपण त्याला बाहेर काढून देवळाच्या अंगणात उभं केलं. (मराठीत आणखी दोन 'मान' आहेत, त्यांच्याशी याची गल्लत करू नये. शरीराची 'मान' स्त्रीलिंगी, ती 'मन्या' या शब्दापासून आली. आणि तापमान, दिनमान यांतला मान मोजण्याचा, तो 'मा' धातूपासून. मान तुकवून मान देतात, तेव्हा पहिली ती मान आणि दुसरा तो मान. लिंग बघितलं की घोटाळा होत नाही.)

'आदर' आला 'दृ' या धातूपासून, आधी 'आ' लागून. पाहणं या अर्थाचा 'दृश्' वेगळा. धातुपाठात 'दृङ् आदरे' असा स्वतंत्र धातू दिलेला आहे. संस्कृतात आदराचा अर्थ फक्त थोरांविषयी वाटणारा भाव एवढाच नव्हता. लक्ष देणं, काळजी घेणं, एखादी गोष्ट मनावर घेणं हाही होता. हा जुना अर्थ मराठीत पूर्ण मेलेला नाही. 'आदरातिथ्य' या शब्दात तो आहे. पाहुण्याची विचारपूस करायची, पाणी आणून द्यायचं, त्याला काय हवं-नको ते पाहायचं, यात पाहुणा मोठा की लहान हा प्रश्न येत नाही. आणि 'सादर' मध्ये तो आहे. स आणि आदर, आदरासह, मन लावून. अर्ज सादर करतो, नाटक सादर करतो, अंदाजपत्रक सादर होतं, तेव्हा आदर शब्दात बसलेला असतो पण आपल्याला ऐकू येत नाही. आमच्या पत्रिकेतल्या त्या ओळीत, माननीय आणि आदरणीय या दोघांनंतर, तिसरा आदर 'सादर निमंत्रण'मध्ये होताच.

मला हा जुना अर्थ फार मोलाचा वाटतो. बाईंसाठी लोक का उठले? त्यांनी मुलांकडे लक्ष दिलं म्हणून. माझ्या वर्गातला एक मुलगा पावसाळ्यात रोज उशिरा येई. ओढा ओलांडून यावं लागे त्याला. बाई पहिला धडा त्याच्यासाठी मधल्या सुट्टीत पुन्हा घेत, स्वतःचा डबा बाजूला ठेवून. तीस-पस्तीस वर्षांनी तोच मुलगा, आता त्या ट्रकचा मालक, सगळ्यांत आधी उठून उभा राहिला. आदराचं असं आहे, एकाने दुसऱ्याकडे मन लावून पाहिलं की तो उलट्या दिशेने परत येतो.

सरकारी आणि सार्वजनिक भाषेत या दोन शब्दांची वाटणी आणखी साफ आहे. 'माननीय' पदाला लागतं. माननीय मुख्यमंत्री, माननीय सभापती. पद गेलं की पत्रिकेवरचं 'मा.' गेलं, आणि त्यात कुणाचा अपमान नसतो. पर्वरीला विधानसभेत चाळीस आमदार बसतात. त्यांतला एक दुसऱ्यावर तुटून पडताना सुरुवात 'सन्माननीय सदस्य' अशीच करतो. पुष्कळांना हे ढोंग वाटतं. मला नाही वाटत. समोरच्याबद्दल मनात तिळमात्र आदर नसतानाही त्याचा मान राखता येतो, आणि तो राखला तरच भांडण मुद्द्यावर राहतं. मान नसता तर जिथे आदर संपतो तिथे हातघाई सुरू झाली असती.

मानवंदना, मानपत्र, मानधन, मानद, मानचिन्ह, हे सगळे दिले जाणारे, दिसणारे, हातात येणारे. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर पोलिसांचं पथक देतं ती मानवंदना. 15 ऑगस्ट 1955 ला तिथे गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या हे आठवून स्मारकाशी उभ्या असलेल्या एखाद्याचे डोळे भरून येतात, तो आदर. एकाला बिगूल लागतो, दुसऱ्याला काहीच लागत नाही. गेलेल्या माणसाला आपण वाहतो ती मात्र 'आदरांजली'. 'मानांजली' असा शब्द कुणी केला नाही.

विरुद्ध शब्दही तपासून पाहावेत. 'अपमान' होतो, तोंडावर होतो, चारचौघांत होतो, आणि ज्याचा होतो त्याला तो तिथेच लागतो. 'अनादर' मागे, गुपचूपही होऊ शकतो. कुणाच्या कष्टांकडे सतत डोळेझाक करणं हा अनादर, त्यात एकही कडू शब्द नसतो. 'अवमान' आपण बहुतेक कोर्टासाठी ठेवला आहे. न्यायालयाचा अवमान झाला तर शिक्षा होते. कोर्टाला तुमच्या मनात काय आहे याच्याशी घेणं-देणं नसतं, वागणूक नीट हवी.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'आदर करणे' आणि 'आदर राखणे' हे वापर मराठीत आहेत आणि ते चुकीचे नाहीत. 'वडीलधाऱ्यांचा आदर करावा' हे वाक्य आपण सगळेच शाळेत शिकलो. तिथे आदर वागण्यात उतरतो, मानाच्या अगदी शेजारी येऊन बसतो. तो वापर माझ्या कानाला खटकत नाही. खटकतं ते 'आदर द्या'. हे अलीकडे फार ऐकू येतं, आणि त्याच्यामागे 'रिस्पेक्ट द्या' उभं आहे. मुलं आपसांत बोलताना रिस्पेक्ट म्हणतात आणि त्या एका शब्दात दोघांनाही कोंबतात. मग 'मला रिस्पेक्ट मिळत नाही' म्हणणाऱ्याला नक्की काय हवंय ते कळत नाही. त्याला बोलताना नीट बोलायला हवंय, की त्याच्या कामाची कुणीतरी मनापासून कदर करायला हवीय? पहिली गोष्ट आजपासून मागता येते आणि मिळायलाच हवी. दुसरी मागून मिळत नाही. घरात, कचेरीत होणाऱ्या निम्म्या कुरबुरी या एका गोंधळातून निघतात असं माझं मत आहे.

कोकणी आणि मराठी दोन्हींत वावरणाऱ्या आम्हा गोवेकरांना आणखी एक फरक रोज भेटतो. कोकणीत पत्राची सुरुवात 'मानेस्त' अशी होते, आणि आदर म्हणायचं तर 'भोवमान'. हा 'बहुमान'च आहे. म्हणजे कोकणीने दोन्ही कामं मानाच्याच घरात वाटून दिली. आणि पुष्कळ कोकणी घरांत मुलगा वडिलांना सरळ 'तूं' म्हणतो. मराठी घरात वाढलेल्या माझ्या मावशीला हे सुरुवातीला उद्धट वाटायचं. पण मराठीतही आईला आपण 'तू'च म्हणतो, 'अहो आई' फक्त सासूला. आदरार्थी बहुवचन या नावात जरी आदर असला तरी ते काम करतं मानाचं. अहो-जाहोने अंतर आणि क्रम सांभाळला जातो. आईशी ते अंतर नको असतं.

देवाशीही नको असतं. गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मोठ्याने म्हटलेली प्रार्थना, ऐकताना हे फार जाणवतं. पालखी निघण्याआधी आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. म्हणणारा वयस्कर आहे, आवाज थोडा फाटलेला. तो आधी सगळ्यांची नावं घेतो. सीमेवरचा राखणदार, मूळपुरुष, बारा वांगडी, मानकरी, महाजन, एकेक आपापल्या क्रमाने. एकही नाव पुढे-मागे होऊ देत नाही. प्रत्येक तुकड्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. हे पाच-सात मिनिटं चालतं, आणि लहान मुलं कंटाळून खांबाभोवती पळू लागतात. मग नावं संपतात. तो हात जोडून गाभाऱ्याकडे वळतो, आवाज खाली आणतो, आणि चुकलं-माकलं पोटात घाल म्हणून सांगताना देवाला 'तू' म्हणतो.